व्हेनिसला मुक्काम कुठे करावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही सोलापूरचे सहा जण: सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन पोरं. मे महिन्यात क्रूझच्या आधी तीन रात्री व्हेनिसला राहायचंय. मेस्त्रे (व्हेनिसचाच मुख्य भूमीवरचा भाग) स्वस्त पडतं, तिथून रेल्वेने बेटावरचं सांता लुचिया स्टेशन दहा-बारा मिनिटांवर. पण रोजची ये-जा, त्यात मामंजींचे गुडघे! बेटावर गाड्या पियाझ्झाले रोमा या चौकापर्यंतच जातात; पुढे बॅगा उचलून पायऱ्यांचे पूल. २०२१ पासून मोठी जहाजं जुदेक्का कालव्यातून जात नाहीत, आमचं मुख्य भूमीवरच्या मार्गेरा बंदरातून सुटणार आहे. म्हणून पियाझ्झाले रोमाजवळ, पूल न चढता पोचता येईल असं किचनवालं घर शोधतेय. कडक भाकरी, शेंगा चटणी सोबत असेलच, पण सासूबाईंना रात्री वरण-भात लागतोच. कुणी तिकडे राहिलंय का? की मेस्त्रेच बरं?