लोटस ४९ : आधी शर्यत ठरवावी

वर एका सदस्यांनी लोटस ४९ या फॉर्म्युला वन शर्यतगाडीच्या १:२० प्रतिकृतीला मागचा पंख (गाडीला रस्त्याकडे दाबून धरणारी आडवी पट्टी) लावावा का, असे विचारले आहे. त्याचे उत्तर कोणती शर्यत निवडली यावरच अवलंबून आहे. जून १९६७ मध्ये नेदरलँड्समधील झँडफोर्टला चालक जिम क्लार्कने तिच्या पहिल्याच शर्यतीत विजयी केलेली गाडी हवी असेल, तर हिरवा रंग, मधोमध पिवळा पट्टा आणि क्रमांक ५ एवढेच पुरे; पंख आणि प्रायोजक सिगारेट ब्रँड गोल्ड लीफची लाल-पांढरी-सोनेरी रंगसंगती १९६८ ची आहे.

माझ्या मते खरी कसोटी रंगात नसून इंजिनात आहे. या गाडीत कॉसवर्थ डीएफव्ही इंजिन थेट मोनोकॉकला (गाडीच्या एकसंध सांगाड्याला) बोल्टने जोडलेले असून मागचे सस्पेन्शन त्याच्याच आधारावर उभे राहते. त्यामुळे प्रतिकृतीत हा सांधा जरासा तिरपा चिकटला, तरी मागची चाके जमिनीवर नीट टेकत नाहीत. गोंद पूर्ण वाळेपर्यंत सपाट काचेवर आधार देऊन ठेवावे. स्पार्क प्लगच्या सुमारे ७ मिमी जाडीच्या वायरसाठी या प्रमाणात ०.३५ मिमीची तार लागते. संचासोबत या वायरसाठी येणारी रबरी नळी बहुधा जाड असते आणि इतके उघडे इंजिन तिच्यामुळे खेळण्यातले वाटू लागते.