आईच्या पाटल्या आणि मुंबईचं कस्टम्स

रावपुरा
आई-बाबा पुढच्या महिन्यात न्यू जर्सीला निघताहेत. सात महिन्यांनी मुंबईमार्गे बडोद्याला परत. तिकडे लग्न आहे म्हणून आई पाटल्या, तोडे, मंगळसूत्र नेतेय. सगळं इथलंच, जुनं. बिल फक्त पाटल्यांचं सापडलं. येताना "हे सोनं कुठलं?" असं विचारलं तर काय दाखवायचं? बायकांना 40 ग्रॅमपर्यंतच्या दागिन्यांवर कस्टम्स ड्यूटी माफ असते ना?

सयाजीगंज
त्या 40 ग्रॅमवर विसंबू नका. ती सवलत (पुरुषांना 20) वर्षाहून जास्त काळ बाहेर राहून येणाऱ्यांना असते. सात महिन्यांत बसत नाही.

तुम्हाला सोनं इथूनच गेलं एवढंच दाखवायचंय, आणि त्यासाठी सगळ्यात पक्का कागद म्हणजे जाताना कस्टम्सकडून घेतलेलं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट. आधी सरकारमान्य व्हॅल्युअरकडून प्रत्येक नगाचं वजन, कॅरट आणि फोटो असलेला रिपोर्ट करून घ्या. निघायच्या दिवशी तो रिपोर्ट, पासपोर्ट आणि दागिने घेऊन मुंबईला कस्टम्सच्या काउंटरवर जा. दागिने अंगावर किंवा हातातल्या पिशवीत ठेवा. चेक-इनच्या बॅगेत गेले की अधिकारी ताडून काय बघणार? नेहमीपेक्षा तासभर आधी पोचा.

मांडवी
बिलाबद्दल एक. जुन्या बिलात "4 तोळे" असेल तर ते बहुधा 11.66 ग्रॅमच्या तोळ्याने, म्हणजे साडेसेहेचाळीस ग्रॅमच्या वर. आज सराफ तोळा 10 ग्रॅमचा धरतात. काट्यावर 45 आलं आणि तुम्ही तोंडी "चाळीस" म्हणालात की तिथेच शंका. त्यात पाटल्या झिजतात, पोकळ तोड्यांत लाख असते, म्हणून रिपोर्टमध्ये एकूण आणि निव्वळ वजन वेगवेगळं लिहून घ्या.

अलीकडचा दागिना असेल तर आतल्या बाजूला भिंगाने बघा. बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) त्रिकोण आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा हॉलमार्क क्रमांक, दिसला तर तो बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो. जुन्यावर तो नसणारच. मग लग्नातले जुने फोटो जोडा. पक्का पुरावा नव्हे, पण कामाला येतात.

हरणी
परतताना तिकडून नवीन काही घेतलं असेल तर सरळ रेड चॅनेल, म्हणजे जाहीर करायचं सामान असणाऱ्यांची रांग. खरं जाहीर केलं असेल तर कस्टम्स कायद्याच्या कलम 80 खाली सामान कस्टम्सकडे ठेवून पुन्हा परदेशी जाताना परत मागता येतं. ग्रीन चॅनेलमधून (काही जाहीर करायचं नाही, त्यांची रांग) निघून मग पकडलं गेलं तर ही वाट बंद, आणि जप्ती-दंड वेगळा.

अडवलंच तर वाद घालू नका, पण घाईत सहीही करू नका. दागिने ठेवून घेतले तर डिटेन्शन रिसीट मागा आणि नग, वजन, शुद्धता तिच्यावर आहे का बघा. जबाब वाचल्याशिवाय सही नको. आईंची अंगझडती फक्त महिलाच घेऊ शकते. "नोटीस नको, सुनावणी नको" असा छापील कागद पुढे केला तर नाही म्हणा. दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 मध्ये असं छापील हक्क सोडल्याचं पत्र बेकायदा ठरवलं आहे.

रावपुरा
आभार. व्हॅल्युअरकडे उद्याच जातो. बॅगांवर थेट बडोद्याचा टॅग लागला तर?

हरणी
तरी मुंबईतच पट्ट्यावरून उचलायच्या, कस्टम्समधून न्यायच्या आणि पुढच्या विमानासाठी परत द्यायच्या. मधे चार तास तरी ठेवा.