घोरत नाही, तरी मशीन?

"मी तर घोरतही नाही, मग स्लीप अ‍ॅप्निया कसा?" हा प्रश्न इथे कुणीतरी विचारलाय; तीन वर्षांपूर्वी मीही डॉक्टरांना हेच विचारलं होतं. (स्लीप अ‍ॅप्निया म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडणं.) बायकांच्या बाबतीत हे निदान बरेचदा निसटतं. सकाळी डोकं जड, दिवसभर मरगळ, रात्री झोपमोड. सगळं पाळी जाण्याच्या खात्यावर जमा! मला आधी लोहाच्या गोळ्याच मिळाल्या. पाळी गेल्यावर हा धोका वाढतो, हे कुणी बोललंच नाही. शेवटी स्लीप स्टडीत, म्हणजे रात्रीच्या झोपेच्या तपासणीत, श्वास अडण्याचा आकडा निघाला तासाला २२ वेळा. १५ ते ३० म्हणजे मध्यम.

सीपॅपचा, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या मशीनचा, पहिला महिना मात्र वैतागाचा. मास्कच्या कडेतून हवा सुटायची, ती थेट डोळ्यात. मग नाकपुड्यांशी बसणारा छोटा मास्क घेतला, संध्याकाळी टीव्ही बघताना अर्धा तास नुसता लावून बसायचे, तेव्हा कुठे जमलं. (ह्यांनी 'वैमानिक' नाव ठेवलंय. ठेवोत.) पुण्याच्या डिसेंबरात नळीत पाणी साचून गुळगुळ आवाज येतो; मी नळीवर जुन्या स्वेटरची बाही चढवली. ह्युमिडिफायरमध्ये (मशीनची हवा दमट करणाऱ्या पाण्याच्या डब्यात) डिस्टिल्ड वॉटरच घाला, आमच्या सिंहगड रोडच्या टँकरच्या पाण्याने आठवड्यात पांढरा थर धरला. आणि डोक्याला तेल रात्री नको, मास्कचे पट्टे घसरतात.