‘दुसरीकडे बघा’ म्हणजे नकारच

काही फार्मासिस्ट स्वतःच्या श्रद्धेत बसत नाही म्हणून गर्भनिरोधकं किंवा गर्भपाताची औषधं द्यायला नकार देतात. त्यावर "फार्मासिस्टने दुसऱ्या दुकानात जा म्हटलं तर बिघडलं कुठे?" असं एकांनी विचारलंय. बिघडतं ते वेळेचं. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची तातडीची गर्भनिरोधक गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची असते, आणि जितका उशीर तितका उपयोग कमी. रात्री एकच दुकान उघडं असेल तर बोलणंच खुंटलं.

शिवाय चिठ्ठीवरून कारण कळतंच असं नाही; गर्भपातासाठी वापरतात ती औषधं इतर कारणांसाठीही लिहून देतात. मिसोप्रोस्टॉल मुळात पोटाच्या अल्सरसाठी आलेलं औषध, ते अपूर्ण गर्भपातातही देतात. मेथोट्रेक्सेट संधिवातालाही चालतं. मग काय, काउंटरवर प्रत्येक बाईची उलटतपासणी घ्यायची?

फ्रान्समधल्या दोन फार्मासिस्टांनी गर्भनिरोधकं नाकारली होती. २००१ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्यांची तक्रार अग्राह्य ठरवली. औषध कायदेशीर, डॉक्टरांनी लिहिलेलं आणि फक्त फार्मसीतच मिळणारं, तेव्हा स्वतःची श्रद्धा गिऱ्हाइकावर लादता येणार नाही, असं कोर्टाचं म्हणणं. मला ते पटतं.

डोस चुकलाय म्हणून औषध अडवणं वेगळं, ते तर फार्मासिस्टचं कामच. आणि एखाद्याला श्रद्धेमुळे खरोखरच जमत नसेल, तर त्याच्या पाळीत दुसरा माणूस ठेवणं ही मालकाची डोकेदुखी, पेशंटची नव्हे.