ओपन टिबिया: व्हॅन्कोमायसिन पावडर की सिमेंटचे मणी?

ऑर्थो_रेसिडेंट: ग्रेड 3बी ओपन टिबिया (नडगीचं हाड मोडून जखम उघडी, हाड झाकायला मांस-कातडी अपुरी), शेतातली माती जखमेत. डेब्रिडमेंट (जखमेतली घाण आणि मेलेला भाग काढणं) आणि एक्स्टर्नल फिक्सेटर (हाडातल्या पिना बाहेरून जोडणारी चौकट) झालंय, फ्लॅपला (दुसरीकडची मांस-कातडी आणून जखम झाकायला) दोन-तीन दिवस लागतील. शिरेतून सेफाझोलिन आणि जेंटामायसिन ही अँटिबायोटिक्स चालू आहेत. तोवर जखमेत व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकची पावडर टाकावी की अँटिबायोटिक मिसळलेल्या बोन सिमेंटचे मणी ठेवावेत? जेंटामायसिनची साधी इंजेक्शनं सिमेंटमध्ये चालतील का?

हाडवैद्य: जखम उघडी आहे, तर मणीच. 40 ग्रॅम सिमेंटच्या पावडरीत 2 ग्रॅम व्हॅन्कोमायसिन आधी कोरडंच नीट मिसळा, गुठळ्या मोडा, मग मोनोमर (सिमेंटसोबतचं द्रव) ओता. हातानेच घोटा. व्हॅक्युम मिक्सिंग इथे नको, सिमेंट सच्छिद्र राहिलं तरच औषध जास्त झिरपतं. इंजेक्शनचं द्रव जेंटामायसिन ओतू नका, सिमेंट नीट सेट होत नाही. जेंटामायसिन आधीच मिसळलेलं सिमेंट मिळतं, ते घेऊन त्यात व्हॅन्कोमायसिन घाला. नुसतं व्हॅन्कोमायसिन ग्रॅम निगेटिव्ह जंतूंना लागू पडत नाही आणि मातीच्या जखमेत त्यांचीच भीती.

6 ते 8 मिलिमीटरचे मणी बारीक स्टील वायरवर ओवा. सेट होताना सिमेंट चांगलंच तापतं, म्हणून पूर्ण गार झाल्यावरच आत ठेवा. मणी मोजून आकडा ऑपरेशन नोटमध्ये लिहा. एखादा मागे राहिला तर औषध संपल्यावर त्यावरच जंतू बसतात. वरून चिकट पारदर्शक फिल्म लावा. ती नेमकी फिक्सेटरच्या पिनपाशी सुटते आणि औषधाचा स्राव चादरीवर जातो. कातडी कोरडी करून टिंक्चर बेंझॉइन लावा, पिनच्या दोन्ही बाजूंनी फिल्मच्या पट्ट्या एकमेकींवर चिकटवा. 48 ते 72 तासांनी पुन्हा थिएटर.

ट्रॉमा_पुणे: पावडरीबद्दल थोडं. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हॅन्को ट्रायलमध्ये टिबियल प्लॅटो आणि पायलॉन (नडगीच्या हाडाचं गुडघ्याकडचं आणि घोट्याकडचं टोक) फ्रॅक्चरचे 980 रुग्ण होते. 1 ग्रॅम पावडरीने सहा महिन्यांतलं खोल इन्फेक्शन 9.8 वरून 6.4 टक्क्यांवर आलं, पण फायदा फक्त ग्रॅम पॉझिटिव्ह जंतूंपुरता. शिवाय पावडर पक्कं फिक्सेशन करून जखम बंद करताना टाकली होती. म्हणजे तुमच्या रुग्णात तिची पाळी प्लेट किंवा नेल घालून फ्लॅप बसवताना. शेवटचं धुणं आटोपल्यावर प्लेट आणि हाडावर भुरभुरा. त्यानंतर सलाइन नको.

ऑर्थो_रेसिडेंट: मण्यांवर व्हॅक (जखमेवरचं सक्शन ड्रेसिंग) लावलं तर?

हाडवैद्य: दोन्ही एकत्र नको. सक्शनने औषध डब्यात जातं, जखमेत साठत नाही. फिल्मखाली लालसर स्राव साठलेला दिसतो तो राहू द्या, औषध त्यातच असतं. नर्सिंग स्टाफला हे आधीच सांगा, नाहीतर रात्री कुणीतरी सुई घालून तो काढून टाकतं.

ट्रॉमा_पुणे: आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) बघत राहा. शिरेतून जेंटामायसिन चालू आहे, जखमेतूनही थोडं रक्तात जातं. क्रश इंजरी (पाय चिरडलेला) असेल तर मूत्रपिंडावर आधीच ताण असतो.