काहिलीतली लिली फुलायची थांबलीय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरजवळ करवीर तालुक्यातल्या एका गावात राहते. आमचं गुऱ्हाळ होतं. ते बंद झालं तेव्हा सासऱ्यांनी उसाचा रस उकळायची मोठी काहील भंगारात घालू दिली नाही. परसात विटांवर बसवली, पाणी भरलं आणि गावतळ्यातनं वॉटर लिलीचे दोन गड्डे आणून तळाच्या चिखलात लावले. काहील आठ फुटी आहे, मध्यावर साधारण दीड फूट खोल. गेली बारा वर्षं पावसाळा सुरू झाला की रोज तीन-चार फुलं ठरलेली. पांढरी, दिवेलागणीला उमलणारी, सकाळी नऊ-दहाला मिटणारी.

यंदा ऑगस्ट संपत आला तरी एक फूल नाही. दोन कळ्या आल्या, पाण्याखाली चार बोटं असतानाच काळ्या पडून गळून गेल्या. पूर्वी ताटाएवढी पानं यायची, आता बशीएवढी येतात आणि कडेनं पिवळी पडतात. पाणी इतकं हिरवं आहे की हात मनगटापर्यंत घातला तर बोटं दिसत नाहीत.

मी काय केलं तेही सांगते. मे महिन्यात काहील उपसली. तळाच्या चिखलाला वास येत होता म्हणून सगळा काढून टाकला. नर्सरीत विचारलं तर त्यांनी माती, गांडूळखत आणि कोकोपीटचं तयार मिश्रण दिलं, वर घरचं शेणखत मी घातलं. कोकोपीट दुसऱ्या दिवशीच वर तरंगायला लागलं, ते आठवडाभर चाळणीनं काढत होते. पाणी हिरवं होतं म्हणून दर रविवारी मोटर लावून पूर्ण बदलते. दोन दिवस नितळ दिसतं, गुरुवारपर्यंत पुन्हा तसंच.

काहिलीला आतनं गंज चढलाय, त्याचा दोष असेल का? दुसरी रोपं आणावीत का? सासरे खुब्याच्या ऑपरेशननंतर अंथरुणालाच आहेत, त्यांची खिडकी बरोबर काहिलीवर उघडते. रोज सकाळी विचारतात, "आलं का गं?" या हंगामात एक तरी फूल यावं अशी फार इच्छा आहे.

प्रतिसाद:

ताई, नवीन रोपं आणू नका. आधी चार गोष्टी सांगा. ऊन किती तास येतं? वरनं पाणी पडतं का कुठून? पानं उलटी करून बघितली का? आणि पानाची कड कशी आहे, गुळगुळीत की दातेरी?

धागाकर्ती:

ऊन सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत, पाऊस नसेल तेव्हा. मागच्या वर्षी गोठ्याचे पत्रे वाढवले, त्याच्या पागोळ्या काहिलीच्या एका बाजूला पडतात. मोठा पाऊस असला की पाणी नुसतं उसळत असतं.

पानाची कड दातेरी आहे, मागची बाजू तांबूस आणि लवदार. आज पानं उलटी करून पाहिली. एका पानाखाली लंबगोल कापलेला पानाचाच तुकडा चिकटलेला होता, नखानं उचलला तर आत बारीक धाग्यांत गुंडाळलेली फिकट हिरवी अळी. त्याच आकाराचं भोक शेजारच्या पानाला होतं, जणू कात्रीनं बेतून कापलंय. अशी पाच-सहा पानं निघाली. पाण्यात नळीसारख्या गोगलगायी पण आहेत.

प्रतिसाद:

मग चित्र स्पष्ट आहे. दातेरी कड, खाली लव आणि रात्री उमलणारं पांढरं फूल, म्हणजे ही आपली गावतळ्यातली कुमुद, निम्फिया प्युबेसन्स. उष्ण हवामानातली आहे, अजून सप्टेंबर-ऑक्टोबर हातात आहेत.

गंजाचं मनातून काढा. ज्या काहिलीत वर्षानुवर्षं उसाचा रस उकळला, तिच्यातनं लिलीला बाधेल असं काही उतरणार नाही. त्रास खताचा आहे. लिली भरपूर खाते, पण तिचं खाणं मुळाशी, मातीत दाबलेलं हवं. गांडूळखत आणि शेणखत पाण्यात विरघळलं की ते आधी शेवाळ खातं. रंकाळ्यात सांडपाणी मिसळून केंदाळ माजायचं, तेच तुमच्या काहिलीत लहान प्रमाणात चाललंय. शिवाय न कुजलेलं खत पाण्याखाली कुजताना मुळांजवळचा प्राणवायू संपवतं. गड्डा सडतो. कळ्या काळ्या पडण्याचं कारण बहुतेक हेच.

पाणी बदलणं आजपासून बंद. हिरव्या पाण्यातल्या शेवाळानं अन्न ओढून घेतलेलं असतं. तुम्ही पाणी टाकता आणि तळातलं खत नव्या पाण्यात पुन्हा विरघळतं, म्हणून गुरुवार उजाडतो तोवर हिरवं. शेवाळाला खरा आळा सावलीनं बसतो. निम्म्याहून जास्त पृष्ठभाग पानांनी झाकला की ते आपोआप हटतं.

आता एकदाच शेवटचं उपसा आणि ते मिश्रण सगळं काढा, झाडांना घाला, वाया जात नाही. गड्डे धुऊन दाबून बघा. मऊ, वास येणारा भाग कापून टाका, आतनं पांढरा आणि टणक असेल तेवढा ठेवा. परत तळात मोकळे लावू नका, रुंद घमेल्यात लावा. शेतातली चिकट माती घ्या. कोकोपीट नाही, शेणखत नाही, पालापाचोळा नाही. आधी भिजवून लोण्यासारखी करा, गड्डा मध्यभागी असा बसवा की कोंब मातीच्या वर राहील. कोंब गाडला गेला की झाड गुदमरतं. वर दोन बोटं जाड वाळू किंवा बारीक खडी पसरा म्हणजे माती ढवळली जात नाही. घमेलं आधी विटांवर ठेवा, कोंबावर चार-पाच बोटं पाणी असू दे. पानं वर पोचली की एकेक वीट काढत खाली न्या. महिनाभर कसलंही खत नाही. मग अर्धा चमचा डीएपी खत कागदाच्या पुडीत बांधून मातीत खोल दाबा, कोंबापासून लांब. पुडी वर राहिली तर पाणी पुन्हा हिरवं होईल आणि मासे असतील तर तेही मरतील.

पागोळ्यांची सोय मात्र आजच करा. लिलीला निवांत पाणी लागतं. पानाची वरची बाजू सतत ओली राहिली की ते कुजतं, कारण तिची श्वास घ्यायची छिद्रं वरच्या बाजूला असतात.

प्रतिसाद:

वरच्याशी सहमत. फक्त अळ्यांसाठी औषध फवारू नका, कडुनिंबाचं तेलसुद्धा नाही. तुकडा चिकटलेली पानं काढून लांब टाका, रोज सकाळी पाच मिनिटं पुरतात. मावा आला तर पान पाण्यात दाबून हलवायचं, धुऊन जातो. आणि डासांसाठी गप्पी मासे सोडा, आरोग्य केंद्रात विचारा, बऱ्याच ठिकाणी फुकट मिळतात. नळाचं पाणी भरलंत तर एक दिवस मुरू द्या, मग मासे.

थोडं अवांतर: कासच्या पठारावरचं कुमुदिनी तळं बघून बरेच जण तीच लिली समजतात. ती वेगळी, निम्फॉइडिस. पानं दिसायला सारखी, पण फुलं लहान, पांढरी आणि पाकळ्यांना झालर. ती तुमच्याकडं आणायच्या भानगडीत पडू नका.

धागाकर्ती (तीन आठवड्यांनी):

सगळं सांगितल्याप्रमाणं केलं. पत्र्याला पन्हाळ लावली, त्याचं पाणी आता केळीला जातं. दोन गड्ड्यांतला एक पूर्ण लिबलिबीत झाला होता, हातात घेतला तर गळून पडला. दुसऱ्याचा मुठीएवढा भाग चांगला निघाला. त्याला तीन कोंब होते, म्हणून तीन घमेली केली.

माती आणायला निघाले तर आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, खिडकीतनं विचारलं, कशाला चाललीस? सांगितलं. म्हणाले, "नदीकाठच्या तुकड्यातनं आण, पोयटा. मी दर मे महिन्यात दोन बुट्ट्या तोच तर टाकायचो." बारा वर्षं ते पोयटा टाकत होते आणि मला वाटायचं ते नुसतं तळं साफ करतात. मे महिन्यात मी त्यांना एक शब्द विचारला नाही, कारण ते दवाखान्यात होते आणि मला ते घरी यायच्या आत काहील चकचकीत करून दाखवायची होती. या गोष्टीचं मला फार वाईट वाटलं.

पाणी आठ-दहा दिवस हिरवंच राहिलं. धीर सुटत होता, पण बदललं नाही. आता तळातल्या विटा दिसतात. तिन्ही घमेल्यांत मिळून अकरा पानं आहेत, सगळ्यात मोठं पान जेवणाच्या ताटाला थोडं कमी. अळ्या अजून एखाद-दुसरी सापडते. काल मधल्या घमेल्यात कोंबाशी बोराएवढी कळी दिसली. आबांना सांगितलं तर म्हणाले, देठ वर यायला आठवडा जातो, आता रोज बोट घालून चाचपू नको.

एक शंका राहिलीये. काहिलीत अजून बरीच जागा उघडी आहे. सावलीसाठी तोवर दुसरं काही सोडू का? शेजारी जलपर्णी द्यायला तयार आहेत.

प्रतिसाद:

जलपर्णी अजिबात नको. महिन्यात काहील भरून टाकेल आणि पुढं ओढ्यात गेली तर गावाला त्रास. त्यापेक्षा कडेच्या उथळ भागात दोन कुंड्या वेखंडाच्या ठेवा. कळी पाण्यावर आली की फूल बहुतेक तीन-चार रात्री उमलतं आणि मिटतं, मग देठ वाकून पाण्यात जातो. तेव्हा देठ मुळापासून कापा, बी धरू देऊ नका.

धागाकर्ती:

वेखंड घरात आहेच, नातवाला उगाळून लावायला लावलेलं. उद्याच कुंड्या ठेवते. आबांची खाट अजून हातभर खिडकीकडं सरकवलीये.