मदत हवी आहे: 'फ्रायबल' म्हणजे नक्की काय? (लवकर)

चोपडेकर: फ्रायबल या इंग्रजी शब्दाचा अर्थ काय? मोबाईल 'भुसभुशीत' दाखवतो. इथे ते बसत नाही. जाणकारांनीच सांगा, जरा लवकर.

काळी_माती_यावल: का नाही बसत भो? माती परीक्षणाचा कागद असणार. वाफसा आल्यावर ढेकूळ मुठीत दाबलं की न चिकटता मोकळं होतं, ते फ्रायबल. आपल्या काळीत वाफसा टिकतो कुठे? ओली असली तर औताला चिकटते, वाळली की भेगा. केळी लावायच्या आधी शेणखत टाका, रोटाव्हेटरच्या नादी लागू नका.

खाऊगल्ली_जळगाव: मला वाटलं फ्राय करता येईल असं काहीतरी! भरिताची वांगी मग फ्रायबल नाहीत, ती कपाशीच्या काड्यांवरच भाजायची 😀

निवृत्त_मास्तर_धुळे: फ्रायशी काडीचा संबंध नाही. चुरा करणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आलाय. काच तडकते ती ब्रिटल. बोटांनी कुस्करलं की चुरा होतो ते फ्रायबल. दोन्हींना सरसकट ठिसूळ म्हणतात. पूर्ण वाक्य दिलं असतं तर बरं झालं असतं.

फार्मसीवाला: गोळ्यांची फ्रायबिलिटी टेस्ट असते. गोळ्या ड्रममध्ये घालून फिरवायच्या, मिनिटाला 25 फेरे, 4 मिनिटं. वजन 1 टक्क्याहून जास्त घटलं की गोळी नापास. परीक्षेला हमखास.

चोपडेकर: माती नाही, गोळी नाही. वडिलांचा रिपोर्ट आहे. 'म्यूकोसा फ्रायबल' लिहिलंय.

सिस्टर_नंदुरबार: अहो दादा, हे आधी सांगायचं ना! दुर्बिणीचा का? वरून की खालून?

चोपडेकर: खालून. डॉक्टर बाहेरगावी, कंपाउंडर म्हणतो सोमवारी या.

सिस्टर_नंदुरबार: म्यूकोसा म्हणजे आतड्याचं आतलं अस्तर. ते इतकं नाजूक झालंय की दुर्बीण नुसती घासली तरी रक्त येतं. सूज असली की असं दिसतं, अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये (मोठ्या आतड्याला सूज येऊन आत जखमा होतात तो आजार), जंतुसंसर्गातसुद्धा. हे आजाराचं नाव नाही, तपासताना काय दिसलं ते लिहिलंय. एवढ्यावरून कॅन्सर वगैरे डोक्यात आणू नका. बायोप्सी घेतली का? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे?

काळी_माती_यावल: आमच्या आप्पांना इसबगोल आणि ताकाने फरक पडला होता. सकाळी उपाशीपोटी...

सिस्टर_नंदुरबार: यावलवाले भाऊ, तुमच्या आप्पांना काय झालं होतं ते तरी माहीत आहे का? बायोप्सी येईपर्यंत घरचे प्रयोग नको.

निवृत्त_मास्तर_धुळे: तरी मूळ अर्थ चुरा होणे हाच.

चोपडेकर: मास्तर, राहू द्या. बायोप्सी घेतलीय, यायचीय. हृदयाची एक गोळी चालू आहे, नाव लागत नाही, फोटो टाकतो.

सिस्टर_नंदुरबार: टाका. पण मनाने बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांना फोन करा. रक्त जास्त पडलं किंवा चक्कर आली तर सोमवार बघू नका, सरळ सिव्हिलला न्या.

खाऊगल्ली_जळगाव: मास्तर, मग शेव ब्रिटल की फ्रायबल?